बर्फाच्या जुन्या कारखान्यापासून तीनशे दक्षिण

ओल्मान सेलेदोनच्या आयुष्यात जे काही घडलं, त्याला एका व्याख्यात्याचं भाषण जबाबदार आहे, आणि त्या व्याख्यात्याला याचा आजतागायत पत्ता नाही. ओल्मानच्या खात्याने (नाव घेत नाही, त्यांच्याकडे माझेही कागद अडकलेले आहेत) एके दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना जेवणानंतर सभागृहात बसवलं. ही वेळ मनुष्यप्राण्याच्या डुलकीची. व्यासपीठावर एक तुकतुकीत चेहऱ्याचा गृहस्थ दोन्ही हात हवेत फेकत ओरडत होता, "दुसरी नोकरी शोधू नका! वरच्याचे पाय ओढू नका! आज ज्या कामावर आहात त्यातच शंभर टक्के द्या, अचूकता द्या, आणि बघा, बढती तुमचा पत्ता विचारत येईल!" सभागृहातली दीडशे माणसं शांतपणे पेंगत होती. ओल्मानने त्या दिवशी चुकून दोन कप कॉफी घेतली होती. त्यामुळे भाषण ऐकलेला माणूस असा तो एकटाच निघाला.

आता ओल्मानचं काम काय, ते सांगायला हवं. सान होसे शहरात घराला नंबर नसतो, आणि रस्त्याला नाव असलं तरी ते घेण्याची पद्धत नाही. पत्ता सांगायचा तो एखाद्या खुणेपासून. अमक्या चर्चपासून शंभर मीटर उत्तर, पन्नास पूर्व, निळी जाळी. शंभर मीटर म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर, मग ते मोजून सत्तर भरो नाहीतर एकशे तीस. आणि खूण जागेवर असलीच पाहिजे असा कुठेही नियम नाही. खुद्द ओल्मानचा पत्ता 'जळालेल्या चपलांच्या दुकानापासून दीडशे पश्चिम' असा होता. ते दुकान ओल्मानच्या जन्माआधी जळालं होतं. पण म्हणून काय दुकान जळालं नाही असं थोडंच होतं?

खातं लोकांना दाखले आणि नोटिसा पाठवत असे. जी पाकिटं घर न सापडल्यामुळे परत येत, ती तळघरातल्या 'परत टपाल विभागा'त ओल्मानच्या टेबलावर पडत. ओल्मान त्यांवर 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का मारून ती कपाटात ठेवी. दर दोन वर्षांनी खातं तीच पाकिटं नव्या उमेदीने पुन्हा पाठवी आणि ती जुन्याच निराशेने परत येत. बावीस वर्षं हे चाललं होतं. ढिगात त्या घटकेला पाच हजार चारशे पाकिटं होती.

विभागाचे साहेब डॉन अर्नुल्फो (डॉन म्हणजे आपलं 'राव', बाईमाणसाला दोन्या) डिसेंबरात निवृत्त होणार होते. त्यांची खोली तळमजल्यावर होती आणि तिला खिडकी होती. सकाळी धुकं नसलं की त्या खिडकीतून ज्वालामुखी दिसायचा. ओल्मानला बावीस वर्षांत तळघरातून फक्त बूट दिसले होते, तेही झरोक्यातून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे. वय एकोणपन्नास. ही खुर्ची आता मिळाली तर मिळाली. नाहीतर तिच्यावर कोणीतरी पस्तिशीचा पोरगा येऊन बसणार आणि ओल्मान बुटांकडे बघत बघत पेन्शनीत जाणार. त्या दिवशी सभागृहातून तो बाहेर पडला तो ठरवूनच. शंभर टक्के!

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. सिनिया तिसरीची शिक्षिका होती. ज्या मुलांनी अभ्यास केलेला नसतो त्यांच्याकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

"अहो, तुम्ही ताटातला घेवडासुद्धा शंभर टक्के संपवत नाही."

पण बायकोच ती. मनातून हरखली होती. तुम्ही साहेब झालात तर कार्तागोच्या चर्चमधल्या काळ्या मातेला घरापासून चालत जाईन, असा तिने तिथल्या तिथे नवस बोलून टाकला. कार्तागो तिथून बावीस किलोमीटर आहे आणि सिनियाचे गुडघे दुखतात. यावरून तिला नवरा साहेब व्हायची किती आशा होती आणि किती नव्हती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

बातमी कुंपणापलीकडे जायला पाच मिनिटं लागली. शेजारच्या दोन्या आनियांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे सल्ला सुटा मिळायचा. "काम जास्त करू नका, डॉन ओल्मान," त्या म्हणाल्या, "साहेब बघत असेल तेव्हा करा. मी दुकानात तराजू रोज पुसायचे का? गिऱ्हाईक आलं की पुसायचे."

पलीकडचा फाबियो पस्तीस वर्षं टॅक्सी चालवून घरी बसला होता. तो म्हणाला, "शिक्का मारायच्या कामात शंभर टक्के म्हणजे काय रे? दोनदा मारणार?"

प्रश्न वाकडा होता, पण खरा होता. ओल्मानने आधी शिक्का साबणाने धुतला. नवी शाई आणली. पट्टी लावून शिक्के सरळ रेषेत मारायला सुरुवात केली. दोन दिवसांत त्याच्या कपाटातली निराशा देशातली सर्वात सुबक निराशा झाली. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात एक पाकीट आलं आणि त्यावर सरळ शिक्का मारायला जागाच नव्हती. आधीचे नऊ शिक्के होते.

'दोन्या एतेल्विना चिंचिया. बर्फाच्या जुन्या कारखान्यापासून तीनशे दक्षिण, पंचवीस पूर्व, लाल पोपटाचं घर. सान कायेतानो.'

एकोणीस वर्षं, नऊ खेपा, नऊ शिक्के. आणि नऊही त्याच्याच हातचे. ओल्मान पाकिटाकडे बघत राहिला. इतकी वर्षं आपण 'पत्ता सापडत नाही' असं छातीठोकपणे लिहून देतोय आणि एकदाही शोधलेला नाही, ही गोष्ट त्याच्या डोक्यात प्रथमच आली, आणि आली ती ठाण मांडून बसली.

तो बाहेरकामाचा अर्ज घेऊन डॉन अर्नुल्फोंकडे गेला. साहेब नखं कापत होते.

"रकाना सहा रिकामा आहे, सेलेदोन. जिथे जाणार तिथला नेमका पत्ता."

"तोच तर शोधायला जायचंय साहेब."

"मग 'पत्ता सापडत नाही' असं लिहा."

"तसं लिहिलं तर अर्जाचं काय होईल?"

"परत येईल. तुमच्याकडेच." साहेबांनी करंगळी हाती घेतली. "आणि शोधणं हे आपलं काम नव्हे, बरं का. ते टपालवाल्यांचं. न सापडणं हे आपलं काम."

ओल्मानने स्वतःच्या हक्काची एक रजा टाकली. जाताना घरातली मोजपट्टी घेतली, तीस मीटरची, फिरकीवाली. हीच त्याची घोडचूक. शंभर मीटर म्हणजे एक चौक हे त्या शहरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. तिथे आजवर कोणी मोजपट्टी घेऊन पत्ता शोधलेला नाही. पण व्याख्याता म्हणाला होता, अचूकता.

सान कायेतानो भागात त्याने एका फळवाल्याला विचारलं, "बर्फाचा जुना कारखाना कुठे आहे हो?"

"हा काय!" फळवाल्याने समोर बोट दाखवलं. समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

"हा नव्हे," शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेला एक म्हातारा ओरडला. "हा नवा जुना कारखाना. जुना जुना तिकडे आहे, गाड्या लावतात तिथे!"

"तिकडे सोड्याचा कारखाना आहे, नेल्सन. तुझं डोकं आहे का ठिकाणावर?"

"सोड्याचा त्याच्या मागे आहे!"

दोघेही 'आहे' म्हणत होते. दोन्हींतला एकही कारखाना चाळीस वर्षांत कोणी बघितला नव्हता, पण दोघांच्या नजरेपुढे भिंती उभ्या होत्या, चिमण्या उभ्या होत्या, आणि दोघेही त्यांच्यासाठी हातघाईवर यायला तयार होते. ओल्मान थक्क झाला. तोही ह्याच शहराचा, तोही जन्मभर असेच पत्ते सांगत आलेला. पण असं थांबून ऐकलं नव्हतं त्याने कधी.

शेवटी न्हाव्याने वस्तऱ्याच्या जोरावर 'नवा जुना' असा निकाल दिला आणि ओल्मानने मोबाइलच्या दुकानापासून पट्टी लावली. तीस, साठ, नव्वद. गुडघ्यावर बसून खडूची खूण, उठून फिरकी, पुन्हा गुडघा. बरोब्बर तीनशे मीटर एका दाताच्या डॉक्टरच्या दारात संपले. पुढचे पंचवीस पूर्व त्याच्या बैठकीच्या खोलीतून जात होते. ओल्मानने सभ्यपणे परवानगी मागितली, गालफड धरून बसलेल्या चार रोग्यांच्या पायांवरून पट्टी नेली आणि भिंतीवर खडूने फुली मारली.

ही फुली त्याला भोवली.

बाहेर आला तर रस्त्यात तीसएक माणसं. सरकारी माणूस पट्टी घेऊन आला, घराच्या आत मोजलं, भिंतीवर फुली मारली. याचा अर्थ कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. रस्ता रुंद होणार, घरं पडणार! एका बाईने घराचं खरेदीखत त्याच्या नाकासमोर नाचवलं. दुसरीने त्याला बसायला स्टूल आणि कापडी गाळणीतली गरम कॉफी दिली, कारण शत्रू झाला तरी दारी आलेला आहे. पंधरा मिनिटांत 'रस्तारुंदीविरोधी समिती' स्थापन झाली आणि अर्ध्या दाढीचे डॉन नेल्सन तिचे अध्यक्ष झाले.

"अहो, मी पत्र द्यायला आलोय!" ओल्मान केविलवाणा होऊन म्हणाला. "दोन्या एतेल्विना चिंचियांना!"

"सरकार पत्र द्यायला माणूस पाठवतं?" अध्यक्ष गरजले. "थाप मारायचीच तर पटेल अशी तरी मार, बाबा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता समिती पातेली बडवत खात्याच्या दारात हजर झाली. चाळीस माणसं, एक कर्णा आणि दाताचा डॉक्टर. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. डॉन अर्नुल्फोंनी ओल्मानला वर दारात, समितीपुढे बोलावलं. निवृत्तीच्या उंबरठ्यावर हे बघायला लागतंय, असे भाव त्यांच्या चेहऱ्यावर होते.  ओल्मानने पिशवीतून ते नऊ शिक्क्यांचं पाकीट काढलं आणि अध्यक्षांच्या हातात ठेवलं.

पाकीट या हातातून त्या हातात गेलं. चिंचिया नावाच्या बाईला त्यांच्यातलं कोणीच ओळखत नव्हतं. पातेली थांबली. मग मागून एका बाईचा आवाज आला, "म्हणजे... माझंही काही असेल का हो तुमच्याकडे?"

चाळीस जण ओल्मानच्या मागून तळघरात उतरले. बावीस वर्षांत तिथे एका वेळी दोनच्या वर माणूस आला नव्हता. कपाटं उघडली. सान कायेतानोची अकरा पाकिटं निघाली. एकाला त्याच्या मुलीचा जन्मदाखला मिळाला. मुलगी शेजारी उभी होती, कडेवर स्वतःचं पोर घेऊन. एकीला लग्नाचा दाखला मिळाला. नवरा सहा वर्षांपूर्वीच निघून गेला होता. "बरं झालं," ती कागद छातीशी धरून म्हणाली, "आता निदान तो होता याचा पुरावा झाला." सगळे हसले आणि ती हसता हसता रडायला लागली. ओल्मान कपाटाला पाठ लावून उभा राहिला. आपण निव्वळ कागदावर शिक्के मारत नव्हतो, हे त्याला त्या क्षणी कळलं.

वरच्या मोठ्या साहेबांनी हा सोहळा जिन्यातून बघितला, फोटो काढवून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. सेलेदोन यांनी रोज सकाळी बाहेर जाऊन पत्रं पोचवावीत. रकाना सहा मोकळा ठेवल्यास चालेल.

ओल्मानने मदतीला फाबियोला घेतलं. पस्तीस वर्षांचा टॅक्सीवाला म्हणजे त्या शहराचा एकमेव खरा नकाशा, आणि तो घरी बसून शब्दकोडी सोडवत होता. मोजपट्टी सिनियाने कुलपात टाकली. ऑगस्टपासून दोघे रोज पायी निघू लागले, आणि ओल्मानला आपल्याच शहराचं वेड लागायची वेळ आली.

फाबियो चालायचा तो आजच्या रस्त्यावरून नव्हे. "इथून जरा बाजूने ये, पेरूचं झाड आहे," म्हणून तो मोकळ्या फुटपाथवर वळसा घालायचा. बँकेच्या चकचकीत काचेपुढे उभा राहून म्हणायचा, "ह्या नाटकगृहाच्या पायरीवर मी सिनियाच्या मावशीला मागणी घातली होती. नाही म्हणाली. बरोबर सहावी पायरी." आणि जो भेटेल तो तसाच. वीस वर्षांची पोरगीसुद्धा बेधडक सांगायची, "ट्राम वळते ना, तिथून पन्नास मीटर." ट्राम तिच्या आजीने बघितली होती! ओल्मान तोंडाचा आ करून ऐकत राहायचा. ह्या एका शहरात किती शहरं एकावर एक उभी होती, आणि त्यातल्या एकाचीही वीट कोणी हलू दिली नव्हती. ज्या पत्त्यांना तो बावीस वर्षं चुकीचे समजत होता, ते सगळे बरोबर होते. चुकत होता तो शोधणारा.

घरी आल्यावर तो हे सिनियाला सांगायचा आणि सांगताना त्याचा घेवडा-भात निवून जायचा. "तुमचे डोळे बघा कसे झालेत," ती म्हणायची. "पहिलीच्या पोरांसारखे."

नोव्हेंबर संपत आला. पाऊस ओसरला, डोंगरावरून नाताळचा वारा सुटला. सत्तावीस तारखेला डॉन अर्नुल्फोंनी ओल्मानला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"ढिगात आज किती, सेलेदोन?"

"बरोबर पाच हजार, साहेब." ओल्मानची छाती फुगली. "चारशे पोचली!"

साहेबांनी नियमांचं जाडजूड पुस्तक पुढे सरकवलं आणि एका ओळीवर कापलेल्या नखाचं बोट ठेवलं. परत टपाल विभागास विभागप्रमुख हे पद, तीस नोव्हेंबरच्या मोजणीत पाकिटं पाच हजार किंवा त्याहून अधिक असल्यासच, मंजूर राहील.

"तुमचं नाव मीच वर कळवलंय," साहेब म्हणाले. "मोठे साहेब खूष आहेत. खुर्ची तुमची. फक्त तीस तारखेपर्यंत हात आवरा. एक पाकीट जरी गेलं ना, तर खुर्ची तुम्हाला नाही, मला नाही, कोणालाच नाही. अहो, इतकं काम करतं का कोणी?"

ओल्मान खिडकीबाहेर बघत राहिला. धुकं नव्हतं. ज्वालामुखी दिसत होता, अगदी माथ्यावरच्या धुरासकट.

ओल्मानने हात आवरले. तीनच दिवस तर होते. पण नशिबाला हे कुठलं पटायला? अठ्ठावीसला सकाळी फाबियो कॉफीचा कप हातात घेऊनच कुंपण ओलांडून आला.

"लाल पोपट! आठवला! मी पोराबाळांना घेऊन बघायला जायचो तो! अरे, ती ओळ लिहिली तेव्हा मधला रस्ता फुटलेलाच नव्हता, तिथे कॉफीचा मळा. तीनशे दक्षिण म्हणजे मळ्याला वळसा घालून तीनशे. चल!"

"आज नको."

"नुसतं बघून तर येऊ!"

नुसतं बघायला गेले. मळ्याला वळसा घातला, म्हणजे एका शाळेला आणि पेट्रोल पंपाला घातला. आतल्या बोळात एक ठेंगणं लाकडी घर निघालं. अर्ध्या दारावर कोपरं टेकून एक वाळलेली, पांढऱ्या वेणीची म्हातारी उभी होती. ओल्मानच्या हातातली सरकारी पिशवी बघून ती सहज, रोजची सवय असावी तशी, म्हणाली,

"माझं काही आहे का, महाराजा?"

पिशवीत पाकीट होतं. ते त्या पिशवीत ऑगस्टपासून होतं.

"आज नाही, दोन्या," ओल्मान म्हणाला.

"बरं. देव तुमचं भलं करो."

परतीच्या वाटेत फाबियो पेरूच्या झाडालाही वळसा न घालता सरळ चालत गेला. दुपारी ओल्मान ताट घेऊन अंगणात येऊन बसला. कुंपणावर सभा भरली.

"एकोणीस वर्षं थांबली, तीन दिवस थांबेल," दोन्या आनिया म्हणाल्या. "एक तारखेला द्या. पाहिजे तर वर एक केक द्या. मी करून देते."

"मी तोंडावर खोटं बोललो, दोन्या आनिया. शिक्का मारला तेव्हा निदान तोंड तरी समोर नव्हतं."

सिनियाने ताट उचलता उचलता विचारलं, "वय काय तिचं?"

"नव्वदीला टेकली असेल."

"मग तीन दिवस म्हणजे फार झाले. उद्या सकाळी जा."

"आणि खुर्ची?"

 सिनियालाही खिडकी हवी होती. नातेवाइकांना सांगूनही झालं होतं. मग ती म्हणाली, "खुर्ची गेली तर माझे गुडघे तरी वाचतील." आणि ताट घेऊन आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

एकोणतीस तारखेला सकाळी नऊ वाजता ओल्मान इस्त्रीचा सदरा घालून त्या बोळात गेला. म्हातारी दारातच होती.

"माझं काही आहे का, महाराजा?"

"आहे, दोन्या एतेल्विना."

ती हसली नाही की दचकली नाही. तिने हात आधी एप्रनला पुसले, मग पुढे केले. पाकीट उलटंसुलटं बघितलं. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यालाच फोडायला सांगितलं. ओल्मानने फोडलं. गेले चार महिने तो मनाशी ठरवत होता की आत काहीतरी थोर असणार. वारसा, पेन्शन, निदान एखाद्या हरवलेल्या भावाची खबर. त्याने घसा साफ करून वाचलं.

"'आपला पत्ता आमच्या नोंदीत अपुरा आहे. आपली पत्रं आपणांस न पोचण्याची शक्यता आहे. तरी आठ दिवसांत पत्ता दुरुस्त करून घ्यावा.'"

बस्स. एवढंच. खाली सही.

ओल्मानला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. यासाठी खिडकी गेली! यासाठी नव्वदीची बाई एकोणीस वर्षं दारात उभी होती! त्याने मान वर करायची हिंमत केली तेव्हा म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"किती वेळा पाठवलं म्हणालात?"

"नऊ वेळा, दोन्या."

"नऊ!" तिने ते नऊ शिक्के बोटाने एकेक चाचपले. "आणि दहाव्यांदा स्वतः चालत आलात. मला शोधत. अहो, माझा नवरासुद्धा मागणी घालायला एकदाच आला होता."

मग तिने बोळात तोंड काढून अशी हाक मारली की नव्वदीच्या छातीतून एवढा आवाज निघतो यावर ओल्मानचा विश्वास बसेना. "अगं ये, मारिएलोस! सगळे या! सरकारने मला शोधून काढलं!"

सगळे आले. पत्र एकवीस वेळा वाचून दाखवावं लागलं. प्रत्येक वाचनाला लोकांनी माना डोलावल्या. आठ दिवसांत पत्ता दुरुस्त करायचा होता, म्हणून ओल्मानने तिथेच अर्ध्या दारावर फॉर्म ठेवला आणि विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, दुरुस्त कशाला, बरोबरच तर आहे, तुम्ही आलात ना. ओल्मानने होता तोच पत्ता पुन्हा लिहिला. त्या बोळात कॉफीचा कप हातात धरून तो उभा होता. जगात आपल्या हातून एक गोष्ट पूर्ण झाली, अगदी शेवटच्या पंचवीस मीटरसकट, हे त्याला कळत होतं आणि ते काय आहे हे मात्र कळत नव्हतं.

तीस तारखेला मोजणी झाली. चार हजार नऊशे नव्व्याण्णव. डॉन अर्नुल्फोंनी दोनदा मोजायला लावली, मग निवृत्तीच्या समारंभात ओल्मानचा हात धरून म्हणाले, "सेलेदोन, तुमच्याइतका कामसू माणूस या खात्यात झाला नाही. म्हणूनच हे असं झालं." खुर्ची कोठीत गेली. खिडकीची खोली झेरॉक्सच्या मशीनला मिळाली आणि ज्वालामुखी आता ते मशीन बघतं. ओल्मान तळघरातच राहिला. नाही म्हणायला, लोक थेट येऊन आपलं टपाल विचारू लागल्यामुळे त्याच्या टेबलापुढे एक लाकडी फळी ठोकून खिडकी नावाची एक वस्तू तयार करण्यात आली. व्याख्याता पुढच्या वर्षी पुन्हा आला होता. त्या दिवशी ओल्मानने कॉफी घेतली नाही.

तीनेक वर्षांनंतरची गोष्ट. फळीपलीकडे एक तरुण बाई नव्या घराची नोंद करायला आली. नुकतीच शहरात राहायला आलेली, घाईत होती. ओल्मानने पेन उघडलं.

"पत्ता सांगा, बाई."

"सान कायेतानो. डॉन ओल्मानने पत्र आणलं तिथून शंभर दक्षिण, पन्नास पश्चिम, हिरवं फाटक."

पेन थांबलं.

"कुठून म्हणालात?"

"डॉन ओल्मानने पत्र आणलं तिथून. तिकडे सगळे तसंच सांगतात. टॅक्सीवाल्याला एवढं सांगितलं की बरोबर दारात सोडतो."

ओल्मानने विचारलं, "कोण हे डॉन ओल्मान?"

"कोण जाणे. मोठा माणूस असणार." बाईने घड्याळाकडे बघितलं. "गेला बिचारा."

"गेला?"

"म्हणजे काय! त्याशिवाय पत्त्यात नाव येईल का?"

 पंचवीस वर्षांच्या नोकरीत ओल्मानने पत्त्यात जिवंत माणूस बघितला नव्हता. त्याने तो फॉर्म बाजूला ठेवून नवा कोरा घेतला आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात, आपलं नाव लिहिलं, पुढे पत्र, पुढे शंभर, पुढे पन्नास. 

"हिरवं फाटक," तो डोळे न उचलता म्हणाला, "आहे ना अजून?"

"नाही हो, गेल्या महिन्यात काढलं," ती म्हणाली. "पण तुम्ही लिहा."

ओल्मानने लिहिलं.